जुन्या टाक्या, नवा हिशेब

सांडपाण्याचा विषय निघाला की नगरपालिकेत पहिला प्रश्न येतो तो नव्या प्लांटच्या क्षमतेचा. जुना प्लांट किती भरतो, हे सहसा कुणी विचारत नाही. माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, अशी आकडेमोड करून सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर) तयार होतो. प्रत्यक्षात बरेच संडास सेप्टिक टँकला जोडलेले असतात, मोरीचं पाणी उघड्या गटारातून परस्पर नाल्याला मिळतं. म्हणून हातात थोडे पैसे असतील तर ते आधी प्लांटच्या तोंडाशी प्रवाह मोजायला घालावेत, असं मी सल्लागार म्हणून सांगत आलो. ऐकतात कमी. मोजमापाचं उद्घाटन करता येत नाही ना!

प्लांट चालवण्यातला खरा पैसा जातो हवेत. मैला खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू पुरवून गाळ जिवंत ठेवायचा, ही पद्धत 1914 मध्ये मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. तत्त्व आजही तेच आहे. अशा प्लांटच्या विजेतली निम्म्याहून अधिक एकट्या हवेला लागते. पाणी घुसळणारे जुने एरेटर काढून तळाशी बारीक बुडबुड्यांचे डिफ्यूझर बसवले, तर तेवढाच प्राणवायू बऱ्याच कमी विजेत मिळतो. टाकीत लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला प्राणवायू पुरे. त्यापुढे हवा फुंकणारे ब्लोअर पळवणं म्हणजे बिल वाढवणं. मात्र एरेटरची मोटर जळली तर गावातला रिवाइंडिंगवाला ती दोन दिवसांत बांधून देतो. डिफ्यूझरचं रबर काही वर्षांनी चोंदतं, फाटतं, आणि ते बाहेरून मागवावं लागतं. त्याची तरतूद अंदाजपत्रकात मी क्वचितच पाहिली.

नियमही कडक होत गेले. 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरं आणि बऱ्याच राज्यांच्या राजधान्या वगळता इतरांना बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत चालत होता. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 10 चा आग्रह धरला. एवढं ऐकलं की सगळे नव्या तंत्रज्ञानाकडे धावतात. पण अनेक ठिकाणी पाणी बिघडतं ते गाळ वेळेवर न काढल्यामुळे. वाळूच्या वाफ्यांवर गाळ पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून ऑपरेटर तो टाकीतच राहू देतो, आणि शेवटी तो स्वच्छ पाण्याबरोबर वाहून जातो. वाफ्यांवर पारदर्शक पत्र्यांची शेड आणि ऑपरेटरच्या हातात एक लिटरचं मोजपात्र, अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते रोज लिहायला, ही माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा. एका ठिकाणी अंदाजपत्रकातून कापली गेली ती नेमकी शेडच.

अनुदानातून बांधकाम होतं; वीजबिल मात्र घरपट्टीतूनच भरायचं असतं. निविदा उघडताना दहा वर्षांची वीज आणि सुटे भाग धरून तुलना करा, असं मी एका मुख्याधिकाऱ्यांना सुचवलं. ते हसून म्हणाले, "साहेब, तोवर माझ्या तीन बदल्या होतील." त्यामुळे आता मी हमी दिलेल्या युनिटपेक्षा जास्त वीज लागली तर फरक ठेकेदाराच्या बिलातून वळता करायची अट निविदेतच घालायला सांगतो.