भाव आणि काटकोन



खुराडे हा शब्द या पानांवर पाहून काहींच्या कपाळाला आठी पडेल. गळ्यात माळ आणि लेख कोंबड्यांच्या घरावर, हे काय? पण आपल्या गावांकडे एकदा नीट पाहा. घरातले आबा माळकरी असतात, आणि त्याच घरातली सूनबाई बचत गटाच्या पैशातून दहा-बारा गावरान कोंबड्या आणते. अंडी विकून वह्या येतात, दवाखान्याचा खर्च निघतो. आबा अंड्याला हात लावत नाहीत, लावूही नये. पण खुराडे बांधायची वेळ येते तेव्हा घरात मोकळे दोन हात असतात ते आबांचेच. मुलगा कामावर, सुताराला रोज द्यायला पैसे नाहीत. मग आबा करवत हातात घेतात.

माळकऱ्याच्या अंगणात कोंबड्या असाव्यात की नसाव्यात, हा वाद मी येथे सोडवत नाही. तुमच्यापैकी काहींचे मत ठाम ‘नसाव्यात’ असेल, आणि त्याचा मी मान राखतो. माझे म्हणणे इतकेच की जीव एकदा अंगणात आला की त्याची रात्र आपल्या पदरात पडली. तो आपल्या इच्छेने आला की सुनेच्या, हे उदमांजर पाहत नाही. उलट जे काम मनाला पूर्ण पटलेले नाही, त्यात हात सैल पडण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तेथे अधिक सावध राहावे.

आता तुम्हीच करवत घेतली आहे असे धरा. चार फूट लांब, चार फूट रुंद, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर उभे असे घर करायचे आहे. एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट जागा धरली तर आठ-दहा कोंबड्या त्यात राहतील. कागदावर हे अर्ध्या दिवसाचे काम दिसते. प्रत्यक्षात पहिल्याच फळीपासून परीक्षा सुरू होते. एका लांब पट्टीवर पाच खुणा करून तुम्ही पाच तुकडे कापता आणि पाचवा आखूड निघतो, कारण प्रत्येक कापाबरोबर करवतीच्या पात्याच्या जाडीएवढे लाकूड भुसा होऊन गेलेले असते. ओली बाभूळ वापरली तर आठ दिवसांत ती पीळ खाते. फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकला की फळी उभी फाटते. त्या खिळ्याचे टोक हातोडीने जरा बोथट केले असते तर फाटण्याचा धोका कमी झाला असता, पण हे सुताराला ठाऊक, तुम्हाला नाही. पत्र्याला भोक खोलगट भागात पाडले तर पहिल्या पावसात पाणी तेथूनच आत येते. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर हवे. चौकट डोळ्यांना चौकोनी दिसते, पण दार बसवायला गेले की वर घासते आणि खाली फट राहते. दोन्ही कर्ण मोजून पाहिले तर एक दुसऱ्याहून बोटभर मोठा निघतो. गवंडी दोरी घेऊन एका बाजूला ३ फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण करतो आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आहे का ते पाहतो. ते आले की काटकोन आला. काटकोनाला तुमच्या मनातले काही कळत नाही.

येथेच राग येतो. आणि माउली, हा राग नीट पाहण्यासारखा आहे. आधी फळी वाकडी असते, मग खिळा वाकडा असतो, आणि तासाभराने दुसरे टोक धरून उभ्या असलेल्या नातवाचा हात वाकडा ठरतो. लाकडाला शिव्या देऊन समाधान होत नाही, कारण लाकूड खाली मान घालत नाही. मान घालणारा कोणी तरी लागतो, आणि तो बहुधा घरातला सर्वांत लहान नाही तर सर्वांत गरीब माणूस असतो. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या सुनेला ‘मध्ये मध्ये करू नकोस’ असे ऐकावे लागते. ज्याच्यासाठी घर बांधायला घेतले त्या जीवापर्यंत दया पोहोचण्याआधीच वाटेत दोन माणसे दुखावली जातात.

हा राग लाकडाचा नसतोच. हात फळीवर असतो आणि डोळे तयार खुराड्यावर असतात. मनात ते संध्याकाळी उभे झालेले असते, शेजारी ‘वा आबा’ म्हणून गेलेले असतात. हातातली फळी त्या चित्राला उशीर करते, म्हणून ती शत्रू वाटते. शिवाय आत एक सूर असतो: चाळीस वर्षे मी शेती केली, मला एक दार जमू नये? खरे तर सुताराचाही खिळा वाकतो. तो सांडशीने उपटतो आणि दुसरा ठोकतो. वाकलेला खिळा त्याला आपल्याबद्दल काही सांगत नाही. आपल्याला मात्र तो आपल्याबद्दलच बोलतो असे वाटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाची ओळख कर्मातले कौशल्य अशी करून दिली आहे. टीकाकारांनी त्या कौशल्याचा अर्थ फळाच्या बंधनातून सुटण्याची युक्ती असा लावला आहे, सुताराच्या हातोटीशी त्याचा थेट संबंध नाही, हे खरे. तरी हातोडी हातात घेतल्यावर दोन्ही अर्थ जवळ येतात. तयार घराचा ध्यास जरा बाजूला ठेवणाऱ्यालाच हातातली फळी दिसते.

पण मला खरा प्रश्न पुढचा वाटतो. समजा राग आवरला, नाम घेत घेत शांतपणे काम केले, मनात त्या मुक्या जीवांबद्दल खरी कळवळ होती, आणि तरीही दाराला फट राहिली. मग काय? आपण रोज ऐकतो की देवाला भाव लागतो, बाकी उणे असेल ते तो चालवून घेतो. हे खरेच आहे. मग भावाने केलेले सैल दार चालेल का?

आमच्या दिंडीतल्या एका माउलीने असेच खुराडे बांधले होते. दार चौकोनी पट्ट्यांचे, त्याला तिरकी पट्टी नव्हती. चार पट्ट्यांचा चौकोन स्वतःच्या वजनाने हळूहळू कलतो. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी मारली की दोन त्रिकोण होतात आणि दार कलायचे थांबते. ती नसल्यामुळे महिन्याभरात दाराचे खालचे टोक झुकले आणि वरच्या कोपऱ्यात दोन-तीन बोटांची फट पडली. आत एक कोंबडी खुडूक बसली होती. खुडूक कोंबडी अंडी सोडून सहसा उठत नाही, हे ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना सांगायला नको. भर दुपारी मुंगूस आत शिरले. ती उठली नाही. पुढचे मी लिहीत नाही. ती माउली दिंडीत चालताना मला एवढेच म्हणाली, “मी मनापासून केलं होतं हो.” त्यात खोटे काहीच नव्हते.

पानाच्या देठाला कीड असली, पान जरा फाटले असले, तरी भावाने वाहिलेली तुळस पांडुरंगाला पोहोचते. का? त्याला त्या पानाची गरज नाही म्हणून. तो पूर्ण आहे, उणे तो स्वतःच्या बाजूने भरून घेतो. कोंबडीला दाराची गरज आहे. तिच्याकडे भरून घ्यायला काही नाही. देवापुढे चालणारी सूट आपण जीवापुढे मागू लागलो तर ती सूट आपण देवाकडून नव्हे, त्या जीवाकडून घेत असतो, आणि त्याला विचारलेलेही नसते.

कोणी म्हणेल, जीवातही तोच आहे ना? आहेच. सावतोबांना अरणच्या मळ्यातच विठ्ठल भेटला, त्यासाठी त्यांना मळा सोडावा लागला नाही. पण मळ्यात देव आहे म्हणून त्यांनी पाण्याचे पाट फुटके ठेवले असतील असे तुम्हाला वाटते का? नरहरी सोनारांची कथा आपण हरिहर ऐक्यासाठी सांगतो, आणि सांगावीच. तिच्यात सोनाराचाही एक भाग आहे. दिलेल्या मापाने केलेला करगोटा एकदा मोठा झाला, एकदा लहान झाला. ‘सोने शुद्ध आहे, माझे मन शुद्ध आहे, बसेल तसा घाला’ असे नरहरी म्हणाले नाहीत. ज्या देवळाचे तोंड पाहायचे नाही असा पण होता, तेथे डोळ्यांना पट्टी बांधून ते स्वतःच्या हाताने माप घ्यायला गेले. त्या मापाच्या निमित्तानेच त्यांची पट्टी सुटली.

गोरोबाकाकांची कथा मात्र सांगताना माझा आवाज नेहमी जड होतो. नामात देहभान हरपले आणि पायाखाली चिखलात मूल आले. आपण त्या तल्लीनतेपुढे हात जोडतो. पण त्या आईचा आक्रोशही त्याच कथेत आहे, तो वगळून कथा सांगता येत नाही. कथेत पांडुरंगाने मूल परत दिले. आपल्या अंगणात तो तसेच करील असे धरून पायाखाली न पाहता चालणे, हा भाव नव्हे. आणि मंगळवेढ्याचे कुसू? १३३८ साली ते ढासळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर आपले चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या, असे परंपरा सांगते, आणि महाद्वारापुढची समाधी आपण दर वारीला पाहतो. भिंत पडते तेव्हा खाली कोण उभा आहे हे ती पाहत नाही.

आपल्या संप्रदायातही भाव असला की सारे भागते असे आपण कधी वागलेलो नाही. कीर्तनाला पखवाजावर कोणी बसावे हे हात पाहून ठरते. वर्षानुवर्षे बोल घोटल्याशिवाय कोणी पुढे बसत नाही, आणि त्यात कोणाच्या भक्तीचा अपमान होतो असे कोणाला वाटत नाही. दिंडीचा तंबू ठोकणारा मेखा कशा मारतो, तीनशे माणसांचे पिठले कोण ढवळतो, हे आपण पारखून घेतो. तंबू रात्री पावसात अंगावर पडल्यावर ‘त्याने मनापासून ठोकला होता’ असे म्हणणारा वारकरी मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून न येणे हा दोष नाही, असे मी म्हणेन. जन्मतः कोणाच्या हातात रंधा नसतो. पण न विचारणे हा दोष होऊ शकतो. आणि विचारणे सोपे नाही, माउली. वारीत आपण लहान-मोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, ते सवयीचे झाले आहे. गावातल्या वीस वर्षांच्या सुतारपोराला बोलावून ‘हे दार का कलतंय, जरा बघतोस का बाळा’ असे साठीतल्या माणसाने म्हणणे पाया पडण्यापेक्षा अवघड आहे. तो हसेलही. हसू द्यावे. तो सांगेल की षट्कोनी डोळ्यांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या डोळ्याची जाड वेल्डेड जाळी हवी. खुराडे जमिनीलगत असेल तर जाळी फूटभर जमिनीत गाडावी, नाही तर घूस आणि मुंगूस खालून उकरतात. हे ऐकून घेताना जो चटका बसतो, तो त्या आधीच्या रागाचाच शेवटचा तुकडा असतो.

एक गोष्ट विशेषतः आपल्यासाठी. आपण खुराडे बांधतो उन्हाळ्यात, शेतात काम नसते तेव्हा. त्याची खरी परीक्षा सुरू होते मृगाच्या पावसात, आणि ज्येष्ठ वद्यात तर आपण पालखीबरोबर निघतो. अठरा-वीस दिवस आपण नामाच्या गजरात असतो, आणि इकडे पत्रा गळायला लागतो, खालचे भाताचे तूस भिजते, उग्र वास सुटतो, दार फुगून घट्ट बसते. आपल्या हाताची उणीव घरी राहिलेल्यांच्या वाट्याला येते. संध्याकाळी कोंबड्या आत जायची वेळ आणि घरच्या हरिपाठाची वेळ एकच. त्या वेळी अंधारात, छत्री काखेत धरून दाराशी झटणारी म्हातारी कोण असते, ते तुम्हाला माहीत आहे.

त्या माउलीने पुढच्या वर्षी नवे दार केले. तिरकी पट्टी मारली, कडी बदलली. पण निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या मंडळींना बोलावले. त्यांच्या बोटांना संधिवात आहे. एका हातात कंदील धरून दुसऱ्या हाताने दार लावून बघ, असे त्यांनी सांगितले. बाईंना पहिल्या दोन वेळा कडी सरकली नाही. आबांनी कानस घेऊन कोयंडा घासला, पुन्हा लावायला सांगितले. कडी एका बोटाने सरकेपर्यंत हे चालले. बाई शेवटी म्हणाल्या, “आता पुरे, पिशवी भरायची आहे तुमची.”