रिकाम्या ओटीतला वारा

माझी मावशी ओटी सिस्टर आहे. एका रात्री तिला घ्यायला गेलो. ओटी रिकामी, दिवे बंद, पण छतातून हवेचा झोत चालूच. आमच्या ऑफिसात रिकामा सर्व्हर रात्रभर चालू राहिला की सकाळी बिलावरून ऐकून घ्यावं लागतं. त्या सवयीने विचारलं, "हे कमी नाही का करत?"

"अरे, दोन वाजता सिझेरियन आलं तर?"

मी गप्प बसलो. मग घरी येऊन वाचत बसलो.

ऑपरेशन चालू असताना ओटीतली हवा तासाला किमान २० वेळा बदलायची असते. म्हणजे दर ३ मिनिटांनी खोलीभर हवा, गाळून आणि थंड करून. शिवाय आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे बाहेरची धूळ आत शिरत नाही. पण ओटीच्या हवेतले जंतू मुख्यतः माणसांमुळे येतात, त्वचेच्या बारीक खपल्यांवर बसून. माणूसच नसेल तर गरज उरते ती दाबाची. एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: ब्लोअर चोवीस तास चालू ठेवा, पण काम नसताना, दाब टिकत असेल तर, हवा २५ टक्क्यांपर्यंत उतरवा. पंख्याचा वेग अर्धा केला तरी वीज साधारण आठव्या हिश्शावर येते (कागदावर, प्रत्यक्षात बचत थोडी कमी). आणि पुन्हा पूर्ण वेग दिला की सुमारे १४ मिनिटांत हवेतले ९९ टक्के कण बाहेर जातात.

मग मावशीची भीती खोटी? मला तसं वाटत नाही. इन्फेक्शन झालं तर पेशंटला नाव असतं, फाइल असते, आणि त्या रात्री ड्युटीवर कोण होतं हेही लिहिलेलं असतं. रात्रभर वाया गेलेल्या विजेची फाइल नसते. तिचा कोळसा चंद्रपूरसारख्या ठिकाणी जळतो, आणि तिथे खोकणाऱ्या माणसाला ही ओटी कुठे आहे हे कधीच कळणार नाही. दोघंही माणसंच. पण जाब एकाच्याच वतीने विचारला जातो, तोही पगाराने सगळ्यात लहान असलेल्या माणसाला. अशा वेळी 'राहू दे चालू' म्हणणं हा निष्काळजीपणा नाही. तिच्या जागी मीही बटणाला हात लावला नसता.

मागच्या रविवारी मी तिला हे सगळं उत्साहाने सांगितलं. दाराशी दाबाचा मीटर, आपोआप उतरणारा पंखा, एका बटणावर पूर्ण वेग. तिने ऐकून घेतलं, भाजी चिरता चिरता.

"आणि मीटरचा काटा खाली आला तर रात्री फोन कुणाचा वाजणार?"

"मेंटेनन्सचा."

"लेखी दे म्हणावं त्यांना."