दुरुस्तीसाठी बंद

नातवंडांच्या निमित्ताने म्हाताऱ्या माणसांच्या हातून पुष्कळ गोष्टी घडतात, ज्या त्यांनी स्वतःच्या हौसेने कधी केल्या नसत्या. सत्तरी उलटल्यावर मी डिस्नेलँड पाहिले ते अशाच निमित्ताने. २०२४ सालचा फेब्रुवारी महिना होता. मुलीच्या घरी, कॅलिफोर्नियात, दोन महिन्यांसाठी गेलो होतो. नात आठ वर्षांची. "आबा, तू इतक्या लांबून आलास आणि डिस्नेलँड न बघता जाणार?" असे तिने विचारले तेव्हा तिच्या स्वरात, काशीला जाऊन गंगा न पाहता परतणाऱ्या माणसाविषयी आपल्याला वाटावी तशी कीव होती. निघणे भागच पडले.

ॲनाहाइम गावातल्या संत्र्यांच्या बागा तोडून वॉल्ट डिस्ने यांनी अवघ्या एका वर्षात हे उद्यान उभारले आणि १७ जुलै १९५५ रोजी त्याचे दार उघडले, हे मला वाचून ठाऊक होते. त्या वेळी मी तीन वर्षांचा होतो. म्हणजे आम्ही दोघे जवळजवळ एकाच पिढीचे. माझे गुडघे गेली काही वर्षे दुरुस्तीला आलेले आहेत. त्याचेही काही भाग दुरुस्तीला आलेले असावेत यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. तरी मला ते वाटले, आणि नुसते नवल वाटले नाही, रागही आला.

झाले असे, की नदीकाठच्या ज्या कोपऱ्यासाठी नातीने हट्ट धरला होता, तिथे एकापाशी एक तीन दारे बंद होती. १९६९ पासून माणसांना हसतहसत घाबरवीत आलेला ‘हॉन्टेड मॅन्शन’ हा भुतांचा वाडा फळ्यांच्या कुंपणाआड गेला होता. त्याच्या बागेचे आणि रांगेच्या वाटेचे काम चालले होते. पलीकडे ‘स्प्लॅश माउंटन’ या नावाची पाण्याची घसरगुंडी होती, ती मागच्याच मे महिन्याच्या अखेरीस कायमची थांबली होती आणि तिच्या जागी नवे काहीतरी घडत होते. आणि रात्री नदीवर दिवे, कारंजी आणि आगीच्या ज्वाळा यांचा जो ‘फॅन्टॅस्मिक’ नावाचा खेळ होत असे, तोही २२ एप्रिल २०२३ पासून बंद होता. त्या रात्री खेळातल्या पंचेचाळीस फुटी यांत्रिक अजगराने ज्वाळा ओकताना स्वतःच पेट घेतला होता. हंगाम मंदीचा आणि वार आडवा, म्हणून शोभेच्या दारूकामालाही त्या रात्री सुट्टी होती.

छत्तीस वर्षे मी बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. ती सवय सेवानिवृत्त होत नाही. माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट, त्याचे रुपये किती, त्यातून तीन मोठे खेळ वजा, रात्रीची आतषबाजी वजा, असा ताळेबंद मी उभ्या उभ्या मांडला आणि मुलीला म्हटले, "पूर्ण पैसे घेऊन अर्धी जत्रा दाखवायची, याला आमच्याकडे दुसरे नाव आहे." मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, काय काय बंद आहे ते त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मी वाचलं होतं. तुमच्या परतीच्या तिकिटामुळे दुसरा दिवस मिळाला नाही, एवढंच." म्हणजे फसवणुकीचा मुद्दा निकालात निघाला. माल कोणता हे सांगून विकलेला होता. तरीही माझी तक्रार निमूट बसेना. जी तक्रार पुराव्याने खोटी ठरूनही आतून उठत राहते, तिच्या मुळाशी काही निराळेच असते, हे तपासनिसाच्या धंद्यातही मला अनेकदा दिसले होते.

नात मात्र कुंपणाच्या दोन फळ्यांमधल्या फटीला डोळा लावून उभी होती. पाच मिनिटे झाली तरी हलेना. मी विचारले, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "एक माणूस माती उकरतोय. त्याच्या डोक्यावर टोपी आहे." मग थोड्या वेळाने, "आबा, हे रोजच असतं का? आपण येतो तेव्हा ते लपतात का?"

प्रश्न बरोबर होता. अशा उद्यानाची खरी जादू वाड्यातल्या भुतांची नव्हे. तिथे काहीच झिजत नाही, कुणीच थकत नाही, रंग कधी उडत नाही, असा जो भास होतो, ती खरी जादू. आणि तो भास टिकविण्यासाठी लोक घरी गेल्यावर रात्रीच्या रात्री माणसे रस्ते धूत, दिवे बदलीत, रंगाचे हात देत असतात. जे एका रात्रीत होत नाही त्यासाठीच कुंपण घालावे लागते. कुंपण म्हणजे त्या भासातली एकुलती एक खरी वस्तू. मला राग आला होता तो नेमका तिचा.

स्वतः डिस्नेंना या गोष्टीची लाज नव्हती. पहिल्या दिवशीच त्यांच्यावर निवड करण्याची पाळी आली होती. नळ-कारागिरांच्या संपामुळे वेळ कमी पडला. पिण्याच्या पाण्याच्या तोट्या पुऱ्या करायच्या की शौचालये, एवढाच प्रश्न उरला. त्यांनी शौचालये निवडली. ऊन मी म्हणत होते, रस्त्याचे नवे डांबर मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतत होत्या, आणि शीतपेये खपावीत म्हणून पाणी बंद ठेवले असा लोकांनी बोल लावला. पण पुढे त्यांचे सांगणे असे, की चित्रपट एकदा पुरा झाला की त्यातली चूक जन्माची राहते, उद्यानाचे तसे नाही, ते कधीच पुरे होणार नाही आणि म्हणूनच ते सुधारता येईल. जे पुरे झालेले नाही ते अधूनमधून बंद राहणार, हे त्याच वाक्याचे दुसरे टोक. पहिले टोक आपल्याला गोड लागते.

इथवर मी स्वतःची समजूत घातली असतानाच एक दृश्य दिसले आणि माझा युक्तिवाद पुन्हा डळमळला. एक गृहस्थ कुंपणावरचा फलक मुलाला वाचून दाखवीत होते. दोघांच्या कपड्यांवरून, पिशवीतल्या घरच्या डब्यावरून, ही फेरी वर्षानुवर्षे साठविलेल्या पैशांची असावी असे वाटत होते. मुलगा रडला नाही. त्याने एकदा बापाच्या तोंडाकडे पाहिले आणि बापाने दुसरीकडे. "पुढच्या वेळी पाहू" हे वाक्य माझ्या मुलीला म्हणता येईल, तिचे घर तासाभराच्या अंतरावर आहे. ज्याला पुढची वेळ नाही त्याने काय म्हणावे?

हा प्रश्न मला अजूनही सोपा वाटत नाही. दुरुस्ती कुठल्याही दिवशी काढा, तो दिवस कुणाचा तरी एकमेव दिवस असणारच. उद्याच्या मुलाची सुरक्षितता आजच्या मुलाच्या हिरमोडातून वसूल होते, आणि या मुलाने तर त्या कराराला संमती दिलेली नसते. पण मग असेही मनात आले, की त्या दिवशी ज्या ज्या पाळण्यांत आम्ही निर्धास्त बसलो, त्यांतला प्रत्येक पाळणा कधी ना कधी असाच बंद होता. त्याही वेळी त्याच्या दाराशी कुणी लांबून आलेला बाप उभा राहिला असेल आणि मुलाला घेऊन माघारी वळला असेल. त्याच्या निराशेवर आमची निर्धास्ती उभी होती. त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही, म्हणून ऋण नाही असे थोडेच आहे? आपल्याकडे माणूस ऋणे घेऊनच जन्माला येतो असे मानतात. त्यांतले हे एक धाकटे ऋण. ते फेडायचे ते आपल्या वाट्याला आलेल्या बंद दारापाशी मुकाट्याने उभे राहून. ज्याला एकच दिवस मिळाला त्याच्याकडून हे ऋण जरा कठोरपणे वसूल होते, हे कबूल केलेच पाहिजे. त्यावर मला उत्तर सापडलेले नाही. त्याच्यासमोर मी माझ्या तिकिटाचा हिशेब मात्र करू नये, एवढे कळले.

घसरगुंडीची गोष्ट आणखी वेगळी होती. तिचे लोखंड झिजले म्हणून ती बंद झाली नव्हती. तिच्यातली पात्रे १९४६ सालच्या एका चित्रपटातून घेतलेली होती, आणि त्या चित्रपटाने गुलामीनंतरच्या दक्षिणेतले काळ्या लोकांचे जिणे खोट्या गोडव्याने रंगविले, हा आक्षेप जुना होता. १९८९ पासून लाखो लोक तिच्यावरून हसतखिदळत आले, त्यांच्या मनात कसलाही द्वेष नव्हता, आणि ती जाणार म्हणून कित्येक हळहळले. त्यांची हळहळ मी खोटी म्हणणार नाही. परंतु आपल्याला ज्यातून आनंद होतो त्यातच दुसऱ्याचे काही दुखते आहे असे कळल्यावर ते उकलून पुन्हा बांधणे, हीही दुरुस्तीच. यंत्राचे दाते मोजता येतात, हे मोजता येत नाही, म्हणून तिला अधिक वर्षे लागली.

रात्र पडली. एरवी ज्या काठावर माणसे तासतासभर आधी जागा धरून बसतात, तिथे आम्ही तिघे ऐसपैस बसलो. नदी काळीभोर होती. पलीकडच्या झाडांत चार दिवे. नात माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली, आणि मला, कुठल्या धाग्याने कोण जाणे, साताऱ्याचे घर आठवले. १९६१ सालची दिवाळी.

दिवाळीचा सगळा देखावा आमच्या घरी एकटी आई उभा करीत असे. पहाटे तीनला उठून बंब पेटवायची, उटणे कालवायची, आम्ही डोळे चोळीत येईपर्यंत अंगणात रांगोळी पडलेली असायची आणि पाटाभोवती महिरप. हे सारे आपोआप होते असेच मला वाटे. त्या वर्षी धनत्रयोदशीपासून ती तापाने निजून होती. शेजारच्या काकूंनी आम्हाला न्हाऊ घातले, ताटलीभर फराळ दिला. मी नऊ वर्षांचा. अंगणात उभा राहून मी मोठ्याने म्हटले, "या वर्षी आमच्याकडे दिवाळीच नाही." खिडकी उघडी होती.

त्या रात्री आई उठली. शेगडी पेटवून चकल्या तळायला बसली. वडील एकदा म्हणाले, "राहू दे ना," आणि मग वर्तमानपत्र वाचू लागले. चकल्या मी खाल्ल्या. कुरकुरीत झाल्या होत्या. ताप उलटला आणि मार्गशीर्ष सरेपर्यंत ती अंथरुणातून उठली नाही. मला कुणी बोलले नाही. पुढे ती हा प्रसंग हसतहसत सांगे, आणि तिच्या हसण्याबरोबर मीही हसत असे.

आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढतात, कारण त्या दिवसांत देवाला निजायला सवड नसते. रात्रंदिवस दर्शन चालू राहते. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण घालवतात, त्याला काढा देतात, आणि मग पलंग पुन्हा येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे मंदिराच्या जतनाचे काम निघाले तेव्हा कित्येक आठवडे पदस्पर्शदर्शन बंद राहिले. लोक मुखदर्शन घेऊन, नाहीतर कळसाला हात जोडून परतले. अठ्ठावीस युगे उभा असलेला देवही थकतो, हे ज्यांच्या पूर्वजांना सुचले त्या आम्ही घरातल्या आईला मात्र कधी दार लावू दिले नाही. तिचा पलंग काढला तो काढलाच.

कुंपणापाशी मला राग का आला होता, हे त्या काळ्या पाण्याकडे पाहताना कळले. तो अंगणातल्या नऊ वर्षांच्या मुलाचाच राग होता. ज्याने मला आनंद द्यायचा त्याने थकू नये, आणि थकलाच तर मला दिसू नये, अशी ती मागणी. पैसे मोजले की ती मागणी हक्कासारखी भासते, आणि माया असली की तर हक्कापेक्षाही घट्ट होते. उद्यानाला निदान फळ्यांचे कुंपण घालता येते, त्यावर फलक लावता येतो. माणसांना तो आपणच लावून द्यावा लागतो.

पुढे सगळी दारे उघडली. नदीवरचा खेळ २४ मे २०२४ ला पुन्हा सुरू झाला, अजगरावाचून. भुतांचा वाडा जुलैच्या अखेरीस उघडला आणि घसरगुंडी नव्या गोष्टीसह नोव्हेंबरात. मी तोवर साताऱ्याला परतलो होतो. नातीने व्हिडिओवर सारे साग्रसंगीत सांगितले आणि विचारले, "आबा, तुला वाईट नाही वाटत? तू काहीच पाहिलं नाहीस."

मी म्हटले, "माती उकरणारा माणूस पाहिला ना."

"तो मी पाहिला," ती म्हणाली. "तू नुसता मागे उभा होतास."

ते खरे होते. त्या वर्षीच्या दिवाळीत पहाटे तीनला मी उठलो. बायकोला म्हटले, तू नीज. उटणे कालवायला घेतले, पण पाणी किती घालायचे ते मला माहीत नव्हते. बहात्तर वर्षांत ते एकदाही पाहिले नव्हते. शेवटी तिला हाक मारून विचारावे लागले. तिने अंथरुणातूनच सांगितले आणि कूस बदलली.