हिवाळा कोणी काढायचा?

आपण गाव सोडतो, पण गावाने आपल्याला सोडू नये असे मनात वाटत राहते. सुट्टीत परत जावे तेव्हा तीच वाट, तोच किनारा, तीच माणसे भेटावीत अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा रास्त आहे का? गाव सोडून गेलेल्या माणसाचा गावावर नेमका कोणता हक्क उरतो? हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट कळला तो माझ्या गावात नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे एक जुने बंदर आहे. तिथे माझ्या एका इंग्रज मित्राने, त्याच्या स्वतःच्याही नकळत, तो माझ्यापुढे आणून ठेवला.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे लीड्स शहरात राहतो. माझा हा मित्र माझ्याच कचेरीतला. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी व्हिटबीहून बाहेर पडला तो कायमचाच. दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत मात्र न चुकता गावी जायचा. २०२३ सालच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, त्याची आई वारली. त्या ईस्टरला, "माझ्याबरोबर येतोस का?" असे त्याने मला विचारले. आईविना त्या घरात एकट्याने शिरणे त्याला जड जात असावे. रमजान चालू होता, मी रोजे धरत होतो. तरीही मी हो म्हणालो.

लीड्सहून व्हिटबीला जाताना शेवटी मोठे माळरान लागते. एप्रिलमध्ये ते अजून तपकिरीच असते. ते ओलांडून रस्ता उतरू लागला की एकदम समुद्र दिसतो आणि कड्यावर एका पडक्या मठाच्या उंच भिंती. मित्राने गाडीचा वेग कमी केला. काही बोलला नाही. ही शांतता माझ्या ओळखीची होती. घाट उतरून खाडी दिसू लागली की एस.टी.त बसलेले आम्ही कोकणातले चाकरमानीही असेच गप्प होतो.

गाव सुरेख आहे. मधून एस्क नदी वाहते, तिच्यावर जहाजांसाठी बाजूला सरकणारा पूल आहे. पूर्वेकडे जुनी, लाल कौलांची, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरे. तिथून कड्यावरच्या चर्चकडे १९९ पायऱ्या जातात. याच बंदरात जेम्स कुक तरुणपणी एका जहाजमालकाकडे उमेदवारी करत होता. ज्या ‘एंडेव्हर’ जहाजातून तो पुढे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला, ते मुळात इथेच बांधलेले कोळसावाहू जहाज होते. गाव समुद्रावर जगले: कधी देवमाशांच्या शिकारीवर, कधी जहाजबांधणीवर, कधी हेरिंग माशांवर. रेल्वे आली तशी हवापालटासाठी येणारी मंडळीही आली आणि पश्चिमेकडच्या कड्यावर त्यांच्यासाठी टुमदार इमारती उभ्या राहिल्या.

पण माझ्या मित्राला हे काही दिसतच नव्हते. त्याला दिसत होते ते नाहीसे झालेले. इथे पाव भाजणारा होता, तिथे आता शोभेच्या वस्तूंचे दुकान आहे. या घरात शाळेतल्या बाई राहायच्या, त्या घरात आईची मैत्रीण. आता कितीतरी दारांशेजारी आकडे असलेली एक छोटी लोखंडी पेटी लावलेली. तिच्यात किल्ली असते. आठवड्यापुरता पाहुणा येतो, आकडे जुळवतो, किल्ली काढतो, आठवडा संपला की ती परत पेटीत ठेवून निघून जातो. शेजारी कोण राहतो हे त्याला ठाऊक नसते आणि तसे कारणही नसते. "हे माझं गाव राहिलं नाही," मित्र म्हणत होता. दिवसभरात हे वाक्य मी चार-पाच वेळा ऐकले असेल.

संध्याकाळी आम्ही कड्यावर गेलो. त्या मठाचा इतिहास मी वाचला होता, तो तिथे उभा राहून पुन्हा आठवला. इ.स. ६६४ मध्ये इथे एक धर्मसभा भरली होती. वाद होता तो ईस्टर कोणत्या दिवशी साजरा करायचा याचा. ईस्टरची तारीख वसंतातल्या पौर्णिमेवरून ठरते आणि ती मोजण्याच्या दोन रीती तेव्हा प्रचारात होत्या. राजा ऑस्वी एका रीतीने चालायचा, राणी एनफ्लेड दुसऱ्या. बीड नावाच्या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, राजाचा सण होऊन मेजवानी चालू असे तेव्हा राणी आणि तिची माणसे अजून उपवासात असत. हे सांगितल्यावर मित्राला मौज वाटली. मला नवल वाटले नाही. एकाच शहरात एका मोहल्ल्यात ईद आणि दुसऱ्यात तिसावा रोजा हे आपण पाहिलेलेच आहे. त्या वर्षी तर ईस्टर रमजानच्या मध्यावरच आला होता. खाली धक्क्यावर तळलेल्या माशांचा वास दरवळत होता, सगळे गाव खात-पीत होते आणि मी पावणेआठनंतर होणाऱ्या सूर्यास्ताची वाट पाहत होतो.

त्या सभेची एक गोष्ट मात्र मला मागाहून जास्त महत्त्वाची वाटू लागली. निकाल राणीच्या, म्हणजे रोमच्या बाजूने लागला. हरलेल्या बाजूचा बिशप कोलमन आपल्या अनुयायांना घेऊन निघून गेला. पण त्या मठाची प्रमुख हिल्डाही हरलेल्या बाजूचीच होती. ती गेली नाही. नवी रीत तिने मान्य केली आणि मठ चालवत राहिली. कोलमनची निष्ठा खरी होती यात शंका नाही. पण बदललेल्या जागेत उरलेले काम हिल्डाने केले.

मित्राचा धाकटा भाऊ गावातच राहिलेला. लहान होडीतून खेकडे आणि शेवंडी पकडतो. शिवाय तिथल्या जीवरक्षक नौकेवर स्वयंसेवक आहे. इंग्लंडात समुद्रावरची ही बचावसेवा सरकार चालवत नाही. १८२४ साली स्थापन झालेली एक धर्मादाय संस्था ती चालवते. नौकांवरची बहुतेक माणसे आपापला कामधंदा सांभाळून हे काम करणारी असतात. कमरेचे यंत्र वाजले की जेवणाच्या ताटावरून उठून धावायचे. त्यासाठी एक अट असते. माणूस बंदराजवळ राहणारा हवा, काही मिनिटांत धक्क्यावर पोहोचणारा हवा.

व्हिटबीत या सेवेची आठवण फार जुनी आहे. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी मोठे वादळ झाले. नौकेवरच्या माणसांनी त्या एका दिवसात पुन्हा पुन्हा समुद्रात जाऊन अनेक जहाजांवरचे लोक वाचवले. शेवटच्या खेपेला नौका उलटली. किनाऱ्यावर जमलेल्या गावाच्या डोळ्यांदेखत तेरापैकी बारा जण बुडाले. हेन्री फ्रीमन एकटा वाचला, कारण त्याच्या अंगात नव्या धर्तीचे बुचाचे जाकीट होते. तो पुढे अनेक वर्षे त्याच कामावर राहिला.

दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आला आणि विषय निघाला घराचा. दोन मागण्या आलेल्या. एक बाहेरच्या माणसाची, सुट्टीतल्या पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी. दुसरी गावातल्याच एका तरुण जोडप्याची. ती वृद्धांची शुश्रूषा करणारी, तो होडीवर काम करणारा. गावात परवडेल असे घर न मिळाल्यामुळे दोघे गावाबाहेर भाड्याने राहत होते. त्यांची मागणी बरीच कमी होती. माझा मित्र म्हणाला, जास्त पैसे मिळत असतील तर ते सोडण्यात काय अर्थ? त्याच्या लीड्समधल्या घराचे कर्ज होते, मुलीचे शिक्षण होते. यात लबाडी काहीच नव्हती.

भाऊ शांतपणे म्हणाला, "गाव काय आपण होऊन बदललं? एकेक घर असं विकलं गेलं म्हणून बदललं. उद्या आपलंही विकू. मग पुढच्या ईस्टरला येऊन तू कोणाच्या नावाने कुरकुर करणार?"

खोलीत कोणी बोलेना. मी परका माणूस, उठून बाहेर अंगणात गेलो.

प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे. मित्राच्या बाजूनेही बोलायला हवे. पाहुण्यांशिवाय आज व्हिटबी जगेल का? शंकाच आहे. त्यांच्याच पैशावर कितीतरी घरांची चूल पेटते. घरे चढ्या भावाने विकणारे मुख्यतः गावकरीच होते. आयुष्यभर काबाडकष्ट केलेल्या म्हाताऱ्या माणसाला चार पैसे जास्त मिळाले तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि एका घराने असे काय होणार? हे सगळे युक्तिवाद खरे आहेत. तरी शेवटचा युक्तिवाद मला पटत नाही. नौकेवर जाणारा प्रत्येक जण असेच म्हणू शकतो, मी एकटा गेलो नाही तर काय बिघडणार? तसे सगळ्यांनी म्हटले तर धक्क्यावर कोणी उरत नाही.

गावालाही हे उमगले होते. जून २०२२ मध्ये व्हिटबीच्या रहिवाशांनी मतदान करून कौल दिला की, यापुढे बांधली जाणारी नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत. बाजूने २,१११ मते, विरोधात १५७. हा कौल कायद्याने बंधनकारक नव्हता. पुढे १ एप्रिल २०२५ पासून त्या भागातल्या परिषदेने दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केला. कायदा इतके करू शकतो. पण दार उघडून आत कोण राहणार हे शेवटी विकणाऱ्याच्या हातात असते, आणि विकणारा पुष्कळदा गाव सोडून गेलेला वारस असतो.

त्या रात्री रोजा सोडताना मित्राने मला सहज विचारले, "प्रवासात तुम्हांला रोज्याची सूट असते ना? मग धरतोस कशाला?" मी म्हणालो, सूट आहे, नमाजही प्रवासात आखूड होते, पण मला झेपत होता म्हणून धरला. त्यावर त्याने विचारले, "आणि स्वतःच्या गावी गेलास की? तिथे तू कोण, प्रवासी की घरचा?"

मी थबकलो. उत्तर मला ठाऊक होते, पण ते स्वतःला लावून पाहिले नव्हते. एक घर कायमचे सोडून दुसरीकडे घर केलेला माणूस जुन्या गावी चार दिवस गेला तर तो तिथेही मुसाफिरच, असे जाणकार सांगतात. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० साली, हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मक्केत परतले. जन्मगाव, जिवापाड प्रेमाचे, जिथून त्यांना हाकलले होते, आणि आता त्यांच्या हाती आलेले. तरी तिथल्या मुक्कामात त्यांनी मुसाफिराचीच आखूड नमाज पढली, आणि पुढे राहायला गेले ते मदिनेलाच. हा मसला मी लहानपणी नियम म्हणून शिकलो. त्यात माणसाच्या मनाविषयी केवढे शहाणपण आहे हे व्हिटबीत कळले. प्रेम आणि रहिवास ही दोन वेगळी खाती आहेत. प्रेम कितीही असो, त्याने रहिवासाचे खाते भरत नाही. ते भरते तिथे काढलेल्या हिवाळ्यांनी, शेजाऱ्याच्या आजारपणात जागलेल्या रात्रींनी, दर जानेवारीत भाऊ पाहत असलेल्या अंधाऱ्या खिडक्यांनी.

मग गेलेल्याकडे काहीच उरत नाही का? उरते, असे मला वाटते. पण उरतो तो गावावरचा हक्क नसून गावाचे देणे. गाव आपल्या आठवणीसारखे राहावे अशी मागणी करण्याचा अधिकार त्याला नाही. तिथे राहणाऱ्यांचे राहणे अवघड होऊ नये, एवढे पाहण्याची जबाबदारी मात्र आहे. मुसाफिराला सवलत मिळते, तशी मुसाफिराने यजमानाची अडचण करू नये हेही ओघाने आलेच.

घर त्या जोडप्याला गेले. माझ्या मित्राला हे सहज जमले असे नाही. "दर महिन्याला कर्जाचा हप्ता भरताना ते पैसे आठवतात," असे तो मोकळेपणाने सांगतो. त्याने मोठा त्याग केला असे मी म्हणणार नाही, तोही म्हणत नाही. आता ईस्टरला तो भावाकडे उतरतो. गावाविषयी कुरकुर करणे त्याने कमी केले आहे.

माझे मात्र अजून बाकी आहे. खाडीकाठी आमचे कौलारू घर वर्षातले अकरा महिने बंद असते. चाची शेजारी राहते, तिच्याकडे किल्ली. मे महिन्यात आम्ही जातो, आंबे खातो, मोहल्ल्यात आता पूर्वीसारखी जाग राहिली नाही म्हणून हळहळतो आणि परत येतो. मोहल्ल्यातली बरीच तरुण मुले आखातात. गेल्या वर्षी कोणा मुंबईकराने घराला गिऱ्हाईक म्हणून विचारणा केली तेव्हा आकडा ऐकून माझेही मन क्षणभर डळमळले होते.

परवा चाचीला फोन केला. एरवी मी तिला घर कसे आहे एवढेच विचारतो. या वेळी तिला विचारले, तुम्हां तिथल्या माणसांना या घराचा काही उपयोग होईल का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, पलीकडच्या वाडीतून शाळेत येणाऱ्या मास्तरणीला राहायला जागा हवी आहे, पावसाळ्यात तिचे फार हाल होतात. पण आधी घर शाकारून घ्यायला हवे, मागच्या पडवीत गळते.

पावसाला अजून दोन महिने आहेत.