पंच, खेळाडू आणि आठवी आज्ञा

पाचामुखी परमेश्वर असतो, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. क्रीडांगणावर निवाडा करणाऱ्यालाही मराठीने 'पंच' हेच नाव दिले. मात्र तेथे पाच मुखे नसतात. एकट्या माणसाने, क्षणार्धात, हजारो डोळ्यांदेखत निर्णय द्यायचा असतो. तो चुकू शकतो हे सर्वांना ठाऊक असते. तरीही त्याचा शब्द मानायचा, या एका करारावर सारा खेळ उभा असतो. मग पंच चुकला असे खेळाडूने जाहीरपणे म्हटले, तर त्याला दंड करणे न्याय्य आहे काय?

२२ जुलै २०२३ रोजी ढाक्यातील मीरपूर येथे भारत आणि बांगलादेश यांच्या महिला संघांचा एकदिवसीय सामना झाला. भारताची कर्णधार हरमनप्रीत कौर हिला पंचांनी बाद ठरवले. निर्णय न पटल्याने तिने बॅट यष्ट्यांवर हाणली आणि सामना बरोबरीत सुटल्यानंतर बक्षीस समारंभात पंचगिरीच्या दर्जावर कडक ताशेरे ओढले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पहिल्या कृत्याबद्दल तिच्या सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के आणि जाहीर टीकेबद्दल २५ टक्के दंड केला. शिवाय दोन सामन्यांची बंदी घातली. तिने ही शिक्षा मान्य केली. एकाच प्रकरणात येथे कृतीला आणि शब्दाला अशी दोन वेगळी प्रायश्चित्ते दिली गेली. बॅट आपटण्याचे समर्थन कोणी करणार नाही. प्रश्न आहे तो शब्दाचा.

दंडाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे क्षुल्लक नाही. व्यावसायिक खेळाडूचे पोट खेळावर असते आणि त्याची उमेदीची वर्षे मोजकीच असतात. ज्याची हानी झाली त्यानेच तोंड मिटून बसावे, हा कुठला न्याय? सत्य बोलण्यावर दंड बसवणारी सत्ता, मग ती राज्याची असो, क्रीडामंडळाची असो वा धर्मसंस्थेची, अखेर स्वतःच्याच दोषांना आश्रय देते. धर्मसंस्थेला हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला आहे.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फेब्रुवारी २००५ मध्ये बार्सिलोना आणि चेल्सी यांच्यातील फुटबॉल सामन्यात स्वीडनचे अँडर्स फ्रिस्क पंच होते. मध्यंतरात बार्सिलोनाचे प्रशिक्षक पंचांच्या खोलीत गेले होते, असे चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी जाहीर केले. पंच फितूर आहे, असा अर्थ लोकांनी त्यातून काढावयाचा तो काढला. फ्रिस्क यांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या आणि मार्चमध्ये त्यांनी पंचगिरीच सोडली. मोरिन्यो यांना दंड झाला, दोन सामन्यांची बंदी झाली. पण पंचाचे उद्ध्वस्त झालेले स्वास्थ्य त्यातून परत आले नाही. नामवंताच्या शब्दामागे जमाव उभा असतो. त्याच्या तोंडून निघालेला संशय जमावाच्या हाती दगड होऊन पडतो.

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने या संदर्भात पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी ठरवणे आणि खोटा आळ घेऊन त्याची अब्रू घालवणे, ही दोन्ही पातके सांगितली आहेत. त्यातूनच आपल्याला हवा तो निकष हाती लागतो. 'निर्णय चुकला' हे विधान वस्तुस्थितीविषयी आहे. ते तपासता येते. 'पंच अप्रामाणिक आहे' हे विधान दुसऱ्याच्या अंतःकरणाविषयी आहे आणि अंतःकरण परमेश्वराखेरीज कोणाला दिसते?

शुभवर्तमानातील एक प्रसंग येथे आठवतो. प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभू येशू गप्प राहिला नाही; माझे बोलणे चुकीचे असेल तर ते दाखवून दे, नसेल तर मारतोस का, असे त्याने विचारले. त्याने शिवी दिली नाही, पुरावा मागितला. पुढे अशाच प्रसंगी संत पौलाचा तोल गेला. पण आपण प्रमुख याजकाला बोललो हे कळताच त्याने आपली चूक मान्य केली. अधिकाराला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अनादर नव्हे. क्रिकेटमध्येही २००८ साली पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याची पद्धत प्रयोगादाखल आली, ती याच जाणिवेतून.

या निकषाने पाहता पंचगिरी निकृष्ट झाली असे म्हणण्याबद्दल दंड करणे मला पटत नाही. फार तर समज द्यावी. हेतूवर आळ घेणाऱ्याला मात्र शिक्षा व्हायलाच हवी. पण ती केवळ पैशाची नसावी. २०१८ च्या अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सने पंच कार्लोस रामोस यांना चोर म्हटले. अपशब्दांबद्दल तिला १०,००० डॉलर दंड झाला. उपविजेतेपदाचे तिचे बक्षीस होते १८,५०,००० डॉलर! श्रीमंताच्या बाबतीत दंड ही जिभेला मोकळीक देण्याची किंमत ठरते. चोरलेले धन परत केल्याशिवाय चोरीची भरपाई होत नाही, तसे हिरावलेले नाव परत केल्याशिवाय बदनामीची होत नाही. जेथे आरोप केला तेथेच, तितक्याच मोठ्या आवाजात तो मागे घेणे, ही खरी भरपाई. आणि पंच चुकला असेल, तर नियामक मंडळानेही तितक्याच उघडपणे ते मान्य केले पाहिजे. स्वतः मौन पाळणाऱ्याने दुसऱ्याच्या बोलण्याची किंमत ठरवू नये.

हे अशक्य नाही. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथील बेसबॉल सामन्यात चेंडू फेकणाऱ्या आर्मांडो गालारागाने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला की अतिशय दुर्मीळ असा विक्रम त्याच्या नावावर लागणार होता. तो फलंदाज बाद असूनही पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. सामन्यानंतर चित्रफीत पाहताच जॉइस यांनी चूक उघडपणे कबूल केली आणि गालारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी पंचांच्या हाती द्यायला गालारागा स्वतः मैदानात गेला, तेव्हा जॉइस यांचे डोळे भरून आले. विक्रम काही परत मिळाला नाही; परंतु दंडाने भरून काढावे असे त्या दोघांमध्ये काहीच उरले नव्हते.