सही कोणाची, शब्द कोणाचे?

शासकीय सेवेत आमचे बहुतेक आयुष्य फायलींत गेले. टिपणी लिपिकाने लिहावी व सही अधिकाऱ्याने करावी, ही रीत आम्हांस नवी नाही. परंतु टिपणीखाली लिपिकाची आद्याक्षरे राहत, आणि फाइलीतील प्रतिकूल कागद काढून टाकणे हा अपराध मानला जाई. औषध कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या संशोधनाविषयी वाचताना हेच दोन साधे नियम आठवतात.

२००१ साली अमेरिकेतील बालमनोविकारशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात ‘स्टडी ३२९’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी प्रसिद्ध झाली. स्मिथक्लाइन बीचम कंपनीच्या खर्चाने २७५ नैराश्यग्रस्त किशोरांवर ती झाली होती. पॅरोक्सेटिन हे औषध परिणामकारक व सामान्यतः सुसह्य आहे, असा निष्कर्ष होता. लेखावर २२ नावे होती. मसुदा करणाऱ्या व्यावसायिक लेखिकेचा उल्लेख केवळ संपादनसाहाय्यापुरता होता. २०१५ मध्ये अन्य संशोधकांनी तीच मूळ माहिती पुन्हा तपासली, तेव्हा औषध निरौषध गोळीहून सरस नाही, उलट आत्मघाताच्या विचार-वर्तनात वाढ दिसते, असे आढळले. ही फेरतपासणी प्रसिद्ध व्हायला चौदा वर्षे जावी लागली.

कंपनी म्हणेल, पैसा आमचा, म्हणून आकडेही आमचे. पैसा कंपनीचा, हे खरे. पण देह त्या मुलांचे होते. चाचणीस संमती देणारा रुग्ण आपल्या त्रासातून पुढच्या रुग्णास काही कळेल, या विश्वासावर ती देतो. निष्कर्ष दडपणे म्हणजे त्या दानाचा सौदा करणे होय. धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी उच्चारलेले शब्द खोटे नव्हते. तरीही त्याचा रथ भूमीस टेकलाच.

या जाणिवेतूनच २००३ मध्ये उद्योगाशी संबंधित मंडळींनी प्रकाशनाची आचारतत्त्वे मांडली: बाजारात आलेल्या औषधाच्या सर्व चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत व लेखनसाहाय्य उघड सांगावे. २००९, २०१५ व २०२२ मध्ये ती सुधारली गेली. भारतातही चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. आरंभीच हेतू नोंदविला, म्हणजे शेवटी तो सोयीने बदलणे अवघड होते.

कुशल लेखकाचे साहाय्य घेणे दोषास्पद नाही. ते लपविणे दोषास्पद आहे. तथापि नियम कागद जपू शकतो, सही करणाऱ्याचा विवेक जपू शकत नाही. पुढे आलेला मजकूर पुरता न वाचता आम्हीही कधी सही केली आहे, हे कबूल केले पाहिजे. आमच्या चुकीने एखाद्याचे निवृत्तिवेतन दोन महिने रखडले असेल. औषधाच्या लेखाखालील सही मात्र कोणा आईने डोळे मिटून मुलाच्या तळहातावर ठेवलेल्या गोळीपर्यंत पोहोचते.