अपवाद कोणता नियम सिद्ध करतो?

वाद रंगात आलेला असतो. ‘पुढारी सगळे सारखेच,’ असे एकजण ठासून सांगतो. दुसरा आपल्या तालुक्यातल्या एका स्वच्छ लोकप्रतिनिधीचे नाव घेतो. त्यावर पहिला म्हणतो, ‘अपवादानेच नियम सिद्ध होतो!’ आणि वाद तिथेच संपतो. खरे तर दुसऱ्याने पहिल्याचे म्हणणे खोडून काढणारा पुरावा दिला होता. त्याला उत्तर देण्याऐवजी पहिल्याने तो पुरावाच आपल्या पदरात पाडून घेतला. कोणतेही उलट उदाहरण आपोआप अनुकूल ठरवणारे वाक्य विचाराला घातक असते. म्हणून ते मुळात काय सांगत होते, हे पाहायला हवे.

मराठीत रुळलेले हे वाक्य इंग्रजीतल्या ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’चे भाषांतर आहे. इंग्रजीत ते कायदेपंडितांच्या एका लॅटिन सूत्रातून आले आणि त्या सूत्रामागचा युक्तिवाद इ. स. पूर्व ५६ मधल्या एका खटल्यात सापडतो. गादेस, म्हणजे आजच्या स्पेनमधले कादिझ, या नगरातल्या बाल्बसला पॉम्पीने रोमचे नागरिकत्व दिले होते. ते बेकायदा असल्याचा आरोप झाला, तेव्हा सिसेरो बचावाला उभा राहिला. रोमने काही जमातींशी केलेल्या तहांत ‘यांच्यापैकी कोणालाही रोमचा नागरिक करून घेऊ नये’ असे कलम स्पष्ट घातलेले होते. सिसेरोचे म्हणणे असे की, अशा कलमामुळेच जर मनाई होत असेल, तर जिथे ते कलम नाही तिथे परवानगी असलीच पाहिजे. बाल्बस सुटला. पुढे या युक्तिवादाचे सूत्र झाले: अपवाद हा, ज्यांना अपवाद केलेले नाही त्यांच्यापुरता, नियम सिद्ध करतो. बोलण्याच्या ओघात मधला ‘त्यांच्यापुरता’ गळून पडला आणि वाक्याचा अर्थच फिरला.

‘रविवारी येथे वाहने लावू नयेत’ ही पाटी वाचून इतर दिवशी वाहन लावायला हरकत नाही, हे आपण न सांगता ओळखतो. पाटीवर नियम लिहिलेला नाही. लिहिलेल्या अपवादावरून तो कळतो. मात्र हा अपवाद नियम करणाऱ्यानेच जाणूनबुजून केलेला असतो. तालुक्यातला तो स्वच्छ लोकप्रतिनिधी कोणी नियम करताना वगळून ठेवलेला नव्हता, तो सापडला. केलेला अपवाद नियमाकडे बोट दाखवतो, सापडलेला अपवाद नियम मोडतो. सगळा घोळ या दोहोंतला भेद विसरल्यामुळे झाला आहे.

आपल्याला हा भेद नवा नाही. संस्कृत व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि त्याचा एक भाग काढून घेणाऱ्या विशेष नियमाला अपवाद. पतंजलीच्या महाभाष्यातला दाखला प्रसिद्ध आहे: ब्राह्मणांना दही वाढावे, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच, पण त्याच्यापुरते दही मागे हटते. बाकीच्यांचे दही तसेच राहते. यालाच तक्रकौंडिण्यन्याय म्हणतात. सिसेरोला जे न्यायालयात सिद्ध करायचे होते, त्याच जातीचा विचार आपल्याकडे व्याकरणाच्या पाठशाळेत शिकवला जात होता. तो बाजूला ठेवून आपण इंग्रजीतला बिघडलेला वाक्प्रयोग उचलला, याची मला खंत वाटते.

‘बेग द क्वेश्चन’ची कथाही अशीच आहे. ॲरिस्टॉटलने दाखवलेल्या एका तर्कदोषाला लॅटिनमध्ये ‘पेटिटिओ प्रिन्सिपिई’ असे नाव मिळाले: जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत म्हणून मागून घेणे. सोळाव्या शतकात इंग्रजीने त्यातल्या मागण्याला ‘बेग’ हा शब्द वापरला आणि तिथेच पुढच्या गोंधळाचे बी पडले. ‘हे वर्तमानपत्र विश्वासार्ह आहे, कारण ते खरे तेच छापते’ या विधानात कारण म्हणून दिलेली गोष्टच सिद्ध व्हायची आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांतल्या पाच हेत्वाभासांपैकी ‘साध्यसम’ हा नेमका याच जातीचा. आजच्या इंग्रजी पत्रकारितेत मात्र ‘बेग द क्वेश्चन’ म्हणजे ‘यातून प्रश्न उभा राहतो’, इतकेच. त्यासाठी ‘रेझ द क्वेश्चन’ हा सरळ प्रयोग हाताशी असताना तर्कदोषाचे नाव खर्ची घालण्याचे कारण नाही.

यावर ‘भाषा बदलतेच’ हे उत्तर ठरलेले आहे आणि त्यात तथ्य आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७४७ मध्ये कोशाचा आराखडा मांडला तेव्हा इंग्रजीला स्थिर करण्याची आशा बाळगली होती. १७५५ मध्ये कोश छापताना प्रस्तावनेत त्याने ती सोडून दिली. १९४१ अखेरच्या वॉशिंग्टन परिषदेचा एक प्रसंग चर्चिलने नोंदवला आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण ‘टेबल’ करायचे होते, म्हणजे तातडीने चर्चेला घ्यायचे होते. अमेरिकनांच्या लेखी ‘टेबल’ करणे म्हणजे बाजूला सारणे. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचे उमगले. इथे चूक कोणाचीच नव्हती. ‘मूट पॉइंट’ ब्रिटनमध्ये वादाचा मुद्दा असतो, अमेरिकेत बहुधा निरर्थक ठरलेला. अशा ठिकाणी समोर कोण आहे हे ओळखून बोलावे, एवढाच नियम पुरेसा आहे.

व्युत्पत्तीच्या नावाखाली काहीही खपवून घ्यावे, असेही नाही. ‘पॉश’ हा शब्द इंग्लंड-मुंबई बोटींच्या तिकिटांवरून आला, असे आपल्याकडे हौसेने सांगतात: जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूच्या सावलीतल्या खोल्या, म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, त्यांची ही आद्याक्षरे. पण असा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. गोष्ट मुंबईची असली, तरी पुराव्यावाचून ती स्वीकारता येत नाही.

म्हणून माझा आग्रह सगळ्या जुन्या अर्थांसाठी नाही. ‘टेबल’चा अर्थ बदलला म्हणून विचार करण्याचे कोणतेही साधन हरवले नाही. ‘अपवाद’ आणि ‘बेग द क्वेश्चन’ यांच्या बाबतीत ते हरवते: पहिल्याने पुराव्याची धार जाते, दुसऱ्याने चकव्याचे नाव जाते, आणि नाव नसलेला चकवा वादात पकडणे कठीण होते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असे वाक्प्रयोग एकेका ओळीच्या अर्थासह पाठ करायला दिलेले असतात. त्याऐवजी वर्गात एक पाटी, एक तह आणि कौंडिण्याचे ताक शेजारी ठेवून मुलांना विचारावे: इथे अपवाद कोणी केला, आणि तो कोणासाठी? हा प्रश्न विचारायची सवय लागलेला विद्यार्थी इंग्रजी तर नेमके लिहीलच. शिवाय मराठीत कोणी चुकीच्या सिद्धतेने त्याला गप्प बसवू शकणार नाही.